हॅमचं हाड आणि पांढरा घेवडा

३ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरी येऊन गेली. भिंगरी म्हणजे माझी लेक. चाळिशी उलटली तिची, पण लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हिने ठेवलेलं नाव अजून चिकटलेलं आहे. ही म्हणजे माझी बायको. ती सप्टेंबरात गेली. हे वाक्य मी आता कुणालाही न अडखळता सांगू शकतो. दुसऱ्याच्या घरातली बातमी सांगावी तसं.

भिंगरीने आल्या आल्या फ्रिज उघडला. आत अर्धा पाव, लोण्याची डबी आणि एक लिंबू.

"बाबा, हे जेवण आहे?"

"लिंबू नाही. लिंबू आधीचं आहे."

तिने दार धाडकन लावलं. मग पाण्याचा ग्लास घेऊन समोर बसली आणि रस्त्यात पाठ केल्यासारखं बोलली. मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं, जावईबापूंनी पलंग आणून ठेवला आहे, हे घर भाड्याने देऊ. मी ऐकत होतो. तिच्या बोलण्यात काही चुकीचं नव्हतं.

"मला येतं की करून खायला," मी म्हणालो.

"काय येतं?"

तोंडाला आलं ते सांगितलं. "घेवड्याचं सूप. हॅम घालून. आईचं."

ती बघतच राहिली. "तुम्ही? तुम्हाला गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते ठाऊक आहे का?"

शेवटी ठरलं असं: सोळा तारखेला, रविवारी, ती आणि जावईबापू जेवायला येणार. माझ्या हातचं सूप. जमलं तर मी इथेच राहायचं आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर निमूटपणे बॅग भरायची.

"कबूल?"

"कबूल."

ती गेल्यावर मनाशी विचारलं, इथेच का राहायचं आहे? ठाम असं काही सुचलं नाही. माझी खुर्ची खिडकीत आहे. ती तिथून उचलली तर दुसरीकडे कुठे ठेवायची ते मला कळत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

त्या सुपाबद्दल मला सगळं माहीत आहे, फक्त ते करतात कसं तेवढं माहीत नाही.

मला माहीत आहे ते असं. थंडी पडली की पहिल्या रविवारी व्हायचं. खिडकीच्या काचा आतून धुरकट व्हायच्या आणि मी त्यांवर बोटाने कवितेच्या ओळी लिहायचो. शाळेत गुरुजींनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेल्या त्या कविता. छडी विसरलो, कविता राहिल्या. हिला कवितांचं वावडं नव्हतं, पण वेळ नव्हता. ही बशीत दोन चमचे सूप घालून खुर्चीपाशी यायची. "कविता खाली ठेव आणि जीभ इकडे दे," म्हणायची.

स्वतः कधी चाखायची नाही. "करणाऱ्याचं काय खरं, त्याला सगळं बरंच लागतं." म्हणून चाखायचं काम माझं. मी "हं" म्हटलं की उतरवायची, "अं" म्हटलं की परत न्यायची. आमच्या संसारातल्या कितीतरी गोष्टी अशा हं-अं वरच निभावल्या.

तेव्हा जीभ तयार आहे. हात तेवढे तयार करायचे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खाटकाकडे गेलो. ही त्याच्याकडूनच घ्यायची. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "या काका! आज बाईंना सुट्टी का?"

"ती सप्टेंबरात गेली."

त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले, मग पुन्हा पुसले. मागे उभ्या असलेल्या बाई पुढे सरकत होत्या त्या मागे सरकल्या. मी म्हणालो, "सुपाला हॅमचं हाड हवं आहे."

आतून एक मोठं हाड घेऊन आला, त्याला मांसही बरंच ठेवलं होतं. वर एक जाड तुकडा टाकला आणि मी काही म्हणायच्या आत गुंडाळलाही. मग समजावून सांगितलं. "हे मिठात मुरवून धुरावर धरलेलं असतं. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी ओतून द्या. घेवडा वेगळा भिजवा. मग दोन्ही एकत्र, मंद शिजू द्या. मीठ अगदी शेवटी, तेही चाखून, लागलं तर."

"लिहून देऊ का?" म्हणाला. मला राग आला. ज्याने सातवीत असताना अख्खं खंडकाव्य घडाघडा म्हणून दाखवलं त्याला चार वाक्यं लिहून देणार!

घरी येताना ते सगळं मी छंदातच बसवलं, म्हणजे विसरायला नको.

हाड बुडव रे पाण्यामाजी, निजू देत ते रातभरी
भिजो घेवडा शेजारी अन् पाणी त्याचे ओत परी

'परी' भरतीचं आहे, गुरुजींनी कान धरला असता. हाडाचं पाणी पहिल्या ओळीत ओतायचं होतं, पण तिथे जागा उरली नाही. दुसरीत घेवड्याबरोबर छान बसलं. पाणी ओतायचं आहे, एवढं आलं म्हणजे झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला प्रयत्न.

सकाळी कवितेबरहुकूम घेवड्याचं पाणी ओतलं आणि हाडाच्या पातेल्यात, त्याच पाण्यात, दाणे सोडले. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं. खाली राहणाऱ्या नर्सबाई नेमक्या तेव्हाच वर आल्या, रिटायर झाल्या तरी चाल वॉर्डातलीच, आणि माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "येऊ द्या, येऊ द्या. मोकळं व्हा."

"कांदा आहे," मी म्हणालो.

"असू दे. कांद्याने तर कांद्याने."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून आणखी थोडा चिरला.

घड्याळाची गरज पडली नाही. कांदा परतायला आठ कडव्यांची एक निसर्गकविता पुरते. गाजर आणि सेलरीला त्याहून लांब, युद्धाचं वर्णन असलेली. घेवड्याला मात्र माझा सगळा साठा संपला, पहिलीतल्या बडबडगीतांपर्यंत पोचलो, तेव्हा कुठे दाणे मऊ झाले. रंग हुबेहूब जमला. काचा धुरकट झाल्या.

बशीत दोन चमचे घेऊन खुर्चीत जाऊन बसलो, कारण चाखायची जागा ती. चाखलं. गरम पाणी. पुन्हा चाखलं. गरम, जरा दाट पाणी.

अं.

मीठ घातलं. काही फरक नाही. आणखी घातलं. हे मीठच जुनं झालं असावं, बरणीत किती दिवस पडून आहे कोण जाणे. उद्या नवीन पुडा आणतो. आज दोन वाडगे खाल्ले. पोट भरलं.

९ नोव्हेंबर, रविवार

काल नर्सबाईंना एक डबा दिला होता. आज डबा धुऊन परत आला.

"कसं झालं होतं?"

"दाणे छान शिजले होते हो," त्या म्हणाल्या. दारातून वळल्या, पुन्हा माघारी आल्या. "तुमचं ब्लडप्रेशर कोण बघतं?"

"ही बघायची."

"खाली या. मी बघते. आजच या."

मायाळू बाई आहेत. कशावरून काय आठवेल सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवा पुडाही तसाच निघाला. नवं हाड आणून दुसऱ्यांदा सूप केलं, मुठीने घातलं तेव्हा कुठे काहीतरी आहे असा भास झाला. भाससुद्धा जिभेला नाही, घशाला.

एकूणच मालाची प्रत घसरली आहे. कॉफीत दम नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पावात काही राम उरलेला नाही, परवा मी तसं बोललोही, तर पोरगी गल्ल्यामागून म्हणाली, "आजोबा, तोच पाव आहे, तोच भटारी आहे, त्याचं टक्कलसुद्धा तेच आहे." सगळे हसले. मीही हसलो असेन. जग हळूहळू पाणचट होत चाललं आहे आणि फक्त म्हाताऱ्यांच्या ते लक्षात येतं.

दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या दुकान आठवलं. माझं चष्म्याचं दुकान होतं, आयुष्य त्यात गेलं. ही पहिल्यांदा आली ती डोळे तपासायला. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचा म्हटलं, तर तिने एक एक अक्षर अशा तालात वाचलं की मला ते कवितेसारखं वाटलं. नंबर नव्हताच तिला. मी उगाच म्हणालो, महिन्याने पुन्हा दाखवायला या.

हे आठवलं की पूर्वी छातीत कुठेतरी हलायचं. आज आठवलं, आणि मग दूधवाला आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सूप दिसायला देखणं झालं होतं. टेबलावर चादर घातली, वाडगे ठेवले. जावईबापू हात चोळत बसले. "वासावर मी अर्धा जेवलो, बाबा. तुमची लेक म्हणत होती, येताना काहीतरी खाऊन निघू या. मी म्हटलं, छे, सासऱ्यावर विश्वास ठेवायचा."

"मी असं म्हटलं नव्हतं," भिंगरी म्हणाली.

"मनात म्हटलंस. मला ऐकू येतं."

त्यांनी मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. ग्लासभर पाणी प्यायले आणि जग स्वतःकडे ओढला. "बाबा, हे... म्हणजे समुद्रच..." तोवर टेबलाखाली त्यांना लाथ बसली असावी, कारण ते "हॅम झकास आहे" म्हणाले.

भिंगरी खाली मान घालून खात राहिली. एक चमचा, दुसरा, तिसरा. मला बरं वाटलं. अर्धा वाडगा झाल्यावर तिने पाणी न पिताच पुढचा चमचा भरला.

"नको खाऊस," जावईबापू हळूच म्हणाले.

"बाबा, तुम्ही चाखलंत हे?"

"चाखलं की. तीनदा चाखून मीठ घातलं."

ती उठून ओट्यापाशी गेली. पाठमोरी उभी राहून काहीतरी ढवळत होती. दोन कप घेऊन आली, दोन्हींत स्वच्छ पाणी. "डोळे मिटा. आधी हे प्या. आता हे. खारट कुठलं, गोड कुठलं?"

मी घुटका घेतला, मग दुसरा. ओले होते दोन्ही.

"पहिलं खारट," मी म्हणालो. "दुसरं गोड."

डोळे उघडले. "दोन्हींत साखर आहे, बाबा," ती म्हणाली.

ही युक्ती माझीच. दुकानात गिऱ्हाईक अंदाजपंचे बोलायला लागलं की मी तीच काच पुन्हा लावायचो आणि विचारायचो, आता जास्त स्पष्ट दिसतं का? 'हो' म्हणालं की समजायचं. ती लहान असताना काउंटरवर पाय हलवत बसून बघायची.

"कधीपासून असं होतंय?"

"बेकरीवाल्याने पीठ बदललं तेव्हापासून."

"म्हणजे कधी?"

आठवून पाहिलं. "सप्टेंबरात बदललं असावं."

जावईबापू उठून उगाच खिडकी उघडायला गेले. भिंगरी माझ्या ओट्यावरच्या फडक्यात तोंड खुपसून रडायला लागली. मोठ्याने, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. माझ्या हातात वाडगा होता आणि तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून तसाच उभा राहिलो.

मग ठरल्याप्रमाणे आतल्या खोलीत गेलो आणि कपाटावरून बॅगा काढल्या. "मोठी घेऊ का लहान?" तिथूनच विचारलं.

ती दारात आली. नाक लाल.

"हे काय करताय?"

"जमलं नाही ना. ठरलं होतं आपलं."

"असं लगेच? भांडाल तरी, बाबा! नाही येणार म्हणा. माझं घर आहे म्हणा. मला ओरडा!"

"कशाबद्दल?"

तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती सुपाची नव्हती एवढं मला कळलं. तिने बॅग माझ्या हातून घेतली आणि जड वस्तू उचलावी तशी सावकाश परत कपाटावर ठेवली. रिकामीच होती.

"इथेच राहायचं तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला तिकडे नेलं तर तुम्ही त्या पलंगावर बसाल आणि मी जे देईन त्याला बरं आहे म्हणाल. ते नको मला. इथे निदान भाज्या तरी चिरता."

स्वयंपाकघरात जाऊन तिने मिठाची बरणी उचलली, नवा पुडा उचलला, टेबलावरची मिठाची डबीसुद्धा, आणि सगळं पर्समध्ये कोंबलं. "हे माझ्याकडे राहील. तुम्ही शिजवायचं. मीठ लागलं तर मी येऊन घालीन."

"पर्स फाटेल," जावईबापू म्हणाले.

"फाटू दे."

जाताना त्यांनी जिन्यात मला सांगितलं की परवा डॉक्टरकडे नेतो, आणि अजून एक ग्लास पाणी मिळेल का.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी घसा पाहिला, नाक पाहिलं, रक्त घेतलं. जिभेत दोष दिसत नाही म्हणाले. झोप लागते का? लागते. रडू येतं का? कांद्याने येतं. त्यांनी चष्मा काढून पुसला (फ्रेम वाकडी आहे, उजवीकडची काडी आत घ्यायला हवी) आणि म्हणाले, असं होतं कधीकधी, जोडीदार गेल्यावर. येईल परत. कधी ते सांगता येणार नाही.

जावईबापूंनी परतीच्या वाटेवर आइस्क्रीम घेऊन दिलं. थंड होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा खाटकाकडे. या वेळी त्याला कविता म्हणून दाखवली, नीट चालीत, रांगेत माणसं होती तरी. एका बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"कविता झकास, काका," खाटीक म्हणाला. "पण ओतायचं पाणी हाडाचं. सगळं मीठ त्याच पाण्यात उतरतं! ते तुम्ही सुपात घेतलंत?"

"छंदात बसत नव्हतं."

तो हाड गुंडाळता गुंडाळता थांबला आणि हसायला लागला, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "हसा," मी म्हणालो. घरी येताना ओळ दुरुस्त करायचा प्रयत्न केला. 'हाडाचे' घातलं की मात्रा वाढतात. शेवटी छंद मोडला तसा मोडू दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळी हाडाचं पाणी ओतलं. खरंच गढूळ होतं. दुपारी चढवलं. चाखायला बसलो नाही, त्यात अर्थ नव्हता. भिंगरीला तिच्या ऑफिसात फोन केला की मिठाचं बघायला ये.

ती सुटल्यावर थेट आली. कोट अंगात, खांद्याला पर्स, आत बरणी खुळखुळतेय. उभ्यानेच पळी घेतली, फुंकर घातली, चाखलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आजवर बघणारी ही असायची आणि चाखणारा मी. उलट्या बाजूने ते इतकं लांबतं हे मला माहीत नव्हतं.

"मीठ नको," ती म्हणाली. "हाडाचंच पुरे आहे." पुन्हा चाखलं. "चांगलं आहे, बाबा. आईसारखं नाही. पण चांगलं आहे."

"हं?"

"हं. दाणे तेवढे कच्चे आहेत अजून. शिजले की खाऊन जाते."

तिने कोट काढला, बूट काढले, घरी फोन करून सांगितलं की बाबांकडे आहे, जेवण गरम करून घे आणि माझी वाट बघू नकोस. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. ऑफिसातल्या कुणा साहेबाची गोष्ट सांगायला लागली, जो स्वतःचा चहा स्वतः करतो आणि दुसऱ्याचा पितो. सांगता सांगता आवाज मंदावला. आता हातावर डोकं टेकून झोपली आहे, टेबलावरच. कपाळावर तिच्या आईसारखी एक शीर आहे. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

मी पलीकडे बसून हे लिहितो आहे. काचा धुरकट झाल्यात. बाहेर दिवे लागले.

मघाशी उठून एक दाणा चमच्याने दाबून पाहिला. मेणासारखा दबला. आतून पुरता मऊ, सालही सुटलेली. दुसरा पाहिला, तोही तसाच.

पातेल्यात एक भांडंभर गार पाणी ओतलं, गॅस अगदी बारीक केला आणि आवाज होणार नाही असं झाकण ठेवलं.